उन्हाची वीज सर्वांना कशी पुरेल?

सूर्य रोज उगवतो. त्याचे ऊन सर्वांना सारखे मिळते. त्यासाठी कोणाला पैसे द्यावे लागत नाहीत. या उन्हापासून वीज तयार करता येते, हे आता तुम्हांला माहीत आहे. शेतात सोलर पंप दिसतात. घरांच्या छपरांवर काळ्यानिळ्या प्लेटा दिसतात.

पण मग एक प्रश्न मनात येतो. ऊन फुकट आहे आणि भरपूर आहे. तरीसुद्धा अशा विजेवर चालणाऱ्या एखाद्या वाडीत रात्री आठ वाजता अंधार होतो. तो का होतो? दिवसभर तर लख्ख ऊन पडले होते. मग वीज गेली कुठे?

या पाठात आपण या प्रश्नाचे उत्तर शोधू. उत्तर अवघड नाही. ज्याला पाण्याची टाकी ठाऊक आहे आणि पाटाची पाळी ठाऊक आहे, त्याला ते सहज कळेल.

गावाचे लहानसे वीजघर

आपल्या देशातील सर्व गावांत वीज पोचली, असे सरकारने एप्रिल २०१८ मध्ये सांगितले. पण गाव म्हणजे नुसते गावठाण नव्हे. डोंगरावर वाड्या असतात. जंगलात पाडे असतात. नदीच्या मुखाशी बेटे असतात. तिथे खांब उभे करणे आणि तारा ओढणे फार कठीण जाते. अशा काही ठिकाणी लोकांनी उन्हावर चालणारे लहानसे वीजघर उभारले. त्याला मायक्रोग्रिड असे नाव आहे.

त्यात चार गोष्टी असतात. पहिली गोष्ट म्हणजे सोलर प्लेटा. त्या उन्हापासून वीज करतात. दुसरी गोष्ट म्हणजे बॅटऱ्या. दिवसा उरलेली वीज त्यांत साठते. तिसरी गोष्ट म्हणजे इन्व्हर्टर. प्लेटांची आणि बॅटरीची वीज आपल्या दिव्या-पंख्यांना चालेल अशी करून तो पुढे पाठवतो. चौथी गोष्ट म्हणजे घरोघर गेलेल्या तारा.

पश्चिम बंगालात सुंदरबन नावाचा खाडीचा आणि बेटांचा मुलूख आहे. तिथल्या सागर बेटावर कमलपूर या गावी १९९६ मध्ये असे वीजघर सुरू झाले. आपल्या महाराष्ट्रातही उदाहरण आहे. पुणे जिल्ह्यात दरेवाडी नावाची लहानशी आदिवासी वस्ती आहे. घरे अवघी ३९. तिथे जुलै २०१२ मध्ये सुमारे ९.४ किलोवॉटचे वीजघर सुरू झाले. घरोघर मीटर बसले. वीजघर चालवण्यासाठी वस्तीतल्याच लोकांचा न्यास झाला. घरांतले दिवे लागले, वाटेवरचे दिवे लागले आणि पिठाची गिरणीही त्याच विजेवर फिरू लागली.

आता हिशेब पहा. ९.४ किलोवॉट म्हणजे ९,४०० वॉट. ३९ घरांत ते सारखे वाटले तर एका घराच्या वाट्याला २४१ वॉट येतात. एवढ्यात दिवे, पंखा आणि टीव्ही चालतो. पाणी तापवायचा रॉड मात्र चालत नाही. म्हणजे वीज आली हे खरे, पण ती मोजकी आली. मोजकी गोष्ट शहाणपणाने वापरावी लागते.

टाकी आणि तोटी

आपण विजेला पाण्याची उपमा देऊ. बॅटरी ही टाकी समजा आणि इन्व्हर्टर ही त्या टाकीची तोटी समजा.

टाकीत पाणी किती मावते, ही एक गोष्ट. तोटीतून एका वेळी किती पाणी बाहेर येते, ही दुसरी गोष्ट. टाकी काठोकाठ भरलेली असली, तरी तोटी लहान असेल तर एका दमात दहा घागरी भरणार नाहीत. आणि तोटी कितीही मोठी असली, तरी टाकी रिकामी झाल्यावर थेंबही येणार नाही.

विजेचेही असेच आहे. म्हणून अंधारही दोन प्रकारचा असतो.

पहिला अंधार तोटीचा. एकाच वेळी सर्वांनी जास्त वीज ओढली की इन्व्हर्टरला ती झेपत नाही. तो खट्‌कन बंद पडतो. बॅटरीत वीज असते, पण घरात अंधार असतो.

दुसरा अंधार टाकीचा. कोणी एकदम जास्त ओढली नाही, पण थोडी थोडी करून फार वापरली. मग मध्यरात्री किंवा पहाटे बॅटरी उतरते आणि दिवे जातात.

तुमच्या वाडीत वीज जाते ती संध्याकाळी एकदम जाते, की रात्री उशिरा जाते? हे आधी पहा. रोग कोणता ते कळले, की औषध सापडते.

थोडा हिशेब करू

विजेचे मोजमाप वॉटमध्ये करतात. प्रत्येक वस्तूवर तिचे वॉट छापलेले असतात. आता तुम्हांला वाचता येते. वस्तू विकत घेण्याआधी तो आकडा जरूर वाचा. हजार वॉटची वस्तू एक तास चालली, की एक युनिट वीज खर्च होते.

समजा, एका वाडीत ४० घरे आहेत. वीजघर १० किलोवॉटचे, म्हणजे १०,००० वॉटचे आहे. संध्याकाळी प्रत्येक घरात पुढील वस्तू चालतात.

९ वॉटचे ३ एलईडी दिवे : २७ वॉट
१ पंखा : ७० वॉट
१ टीव्ही : ६० वॉट
२ मोबाईलचे चार्जर : १० वॉट
एकूण : १६७ वॉट

४० घरांचे मिळून ६,६८० वॉट झाले. इन्व्हर्टर १०,००० वॉटचा आहे. म्हणजे काही अडचण नाही.

आता चार घरांत कोणी हजार वॉटची इस्त्री लावली, कोणी हजार वॉटची शेगडी लावली. त्यांचे ४,००० वॉट वाढले. बेरीज १०,६८० झाली. इन्व्हर्टर खट्‌कन बंद! चार घरांनी जास्त वीज ओढली आणि अंधारात चाळीस घरे बसली. छत्तीस घरांचा यात काय दोष? आणि खरे सांगायचे तर त्या चार घरांनाही हे माहीत नसते. आपल्या एका इस्त्रीने काय होणार, असे प्रत्येकाला वाटते. हजार वॉटची एक इस्त्री म्हणजे ९ वॉटचे १११ दिवे, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते.

आता टाकीचा हिशेब करू. या घरात दिवे ५ तास, पंखा ५ तास, टीव्ही ३ तास आणि चार्जर २ तास चालले, तर एका घराला रात्री पाऊण युनिटाहूनही थोडी कमी वीज लागते. ४० घरांची मिळून ती सुमारे साडेसत्तावीस युनिट होते. १० किलोवॉटच्या प्लेटा निरभ्र दिवशी सुमारे ४० युनिट वीज देतात. साठवताना त्यातली थोडी वाया जाते. तरी रात्र निघते.

पण उन्हाळा आला. उकाड्याने झोप येईना. सर्वांनी पंखे रात्री अकरापासून पहाटे पाचपर्यंत चालू ठेवले. खर्च जवळजवळ १७ युनिटांनी वाढला. बेरीज ४४ च्या वर गेली. आता टाकी पहाटेपूर्वीच रिकामी होणार.

मग काय, उकाड्यात तळमळत पडायचे? तसे नाही. यावर उपाय आहे. हल्ली बीएलडीसी नावाचे पंखे मिळतात. त्यांना सुमारे ३० वॉट पुरतात. जुना ७० वॉटचा पंखा पाच तासांत जेवढी वीज खातो, त्याहून थोड्या कमी विजेत नवा पंखा अकरा तास फिरतो. असा पंखा महाग पडतो, हे खरे. पण चाळीस घरांनी मिळून पंखे घेतले, तर ते नव्या बॅटऱ्यांपेक्षा स्वस्त पडतात. दिव्यांचेही तसेच. ६० वॉटचा जुना पिवळा बल्ब जेवढा उजेड देतो, तेवढा ९ वॉटचा एलईडी देतो. म्हणून घरात जुना बल्ब असेल, तर तो आधी काढा.

दुपारची वीज सर्वांत स्वस्त

टाकीत पाणी पडत असतानाच धारेखाली घागर लावली, तर टाकीतले पाणी कमी होत नाही. दुपारची वीज अशीच असते. सकाळी दहापासून दुपारी तीनपर्यंत प्लेटा भरपूर वीज देतात. त्या वेळी वापरलेली वीज बॅटरीत साठवावी लागत नाही. बॅटरी झिजत नाही आणि वीज वायाही जात नाही. पुष्कळदा असे होते, की दुपारी बॅटरी भरून जाते आणि वरची वीज घ्यायला कोणी नसते. ती वीज फुकट जाते.

दोन अश्वशक्तीची पिठाची गिरणी सुमारे १,५०० वॉट घेते. ती दुपारी दोन तास चालली, तर ३ युनिट थेट उन्हातून मिळतात. तीच गिरणी संध्याकाळी सातला लावली, तर चार घरांची रात्रीची वीज ती एकटी खाते. शिवाय मोटार सुरू होताना क्षणभर नेहमीच्या कितीतरी पट वीज ओढते. तेवढ्यानेही इन्व्हर्टर बंद पडतो.

म्हणून गिरणी, पाण्याचा पंप, शिलाई यंत्राची मोटार, इस्त्री ही कामे दुपारची. दिवा, पंखा, टीव्ही ही रात्रीची. एवढे एक पथ्य पाळले, तरी अर्धे दुखणे बरे होते.

भूतानमधील भाताची गोष्ट

आपल्या देशाच्या शेजारी भूतान हा डोंगराळ देश आहे. तिथे रुकुब्जी नावाचे गाव आहे. घरे सुमारे ९०. गावाचे वीजघर ४० किलोवॉटचे. ते उन्हावर चालत नाही, ओढ्याच्या पाण्यावर चालते. पण अडचण आपल्यासारखीच होती.

तिथले लोक भात विजेच्या कुकरमध्ये शिजवतात. जेवणाची वेळ सर्वांची एकच. समजा, एक कुकर ५०० वॉटचा आहे. ९० कुकर एकदम लागले की ४५,००० वॉट झाले. वीजघर तर ४०,००० वॉटचे! मग दिवे मिणमिणू लागत. वीज अगदी मंद होई. भात अर्धाकच्चा राही.

२०११ च्या उन्हाळ्यात तिथे प्रत्येक घरात आणि दुकानात एक लहान यंत्र बसवले. त्यावर दोन दिवे होते. हिरवा दिवा म्हणजे वीज पुरेशी आहे, कुकर लावा. लाल दिवा म्हणजे आता ताण आहे, थोडे थांबा. लाल दिवा असताना घरातले दिवे चालत. पण नवा कुकर लागत नसे. ज्याचा भात आधीच शिजत असे, त्याचा मात्र शिजू देत. यंत्राबरोबर लोकांना सर्व गोष्टी नीट समजावूनही सांगितल्या.

परिणाम काय झाला? वीज फार मंद होण्याचे प्रकार ९२ टक्क्यांहून अधिक कमी झाले. वीजघर तेवढेच राहिले. ओढ्याचे पाणीही वाढले नाही. लोकांनी फक्त कुकर मागेपुढे लावले. कोणी अर्धा तास आधी लावला, कोणी अर्धा तास नंतर. आता आपला भात नीट शिजेल अशी जास्त खात्री वाटते, असे बहुतेकांनी सांगितले.

यातून आम्हांला एक गोष्ट महत्त्वाची वाटते. पूर्वी प्रत्येक घराला फक्त आपली चूल दिसत होती. त्या लहानशा दिव्यामुळे सगळ्या गावाच्या चुली प्रत्येकाला दिसू लागल्या. जे डोळ्यांना दिसते, त्याची माणूस काळजी घेतो.

बिहारमधील धडा

सगळीकडे असे चांगले झाले नाही. बिहारमध्ये जहानाबाद जिल्ह्यात धरणाई हे गाव आहे. तिथे २०१४ मध्ये एका संस्थेने १०० किलोवॉटचे सौर वीजघर उभारले. गाव कितीतरी वर्षे अंधारात होते. लोकांना आनंद झाला. ज्याच्याकडे जे होते ते त्याने लावले. जुने टीव्ही लागले, फ्रीज लागले. बॅटऱ्या काही तासांतच उतरल्या. मग जास्त वीज खाणाऱ्या वस्तू वापरू नका, असे लोकांना सांगण्यात आले.

लोक नाराज झाले. माजी मुख्यमंत्री गावात आले, तेव्हा लोकांनी खरी वीज मागितली. ही सूर्याची वीज नकली आहे, आम्हांला असली वीज द्या, असे ते म्हणाले. पुढे सरकारी तारा गावात आल्या. ती वीज स्वस्त होती. बॅटऱ्याही जुन्या झाल्या. २०२१ पर्यंत ते वीजघर बंद पडले होते आणि त्याच्या जागेत गुरे बांधली जात होती.

इथे लोकांचे चुकले असे म्हणणे सोपे आहे. आम्ही तसे म्हणणार नाही. शहरातल्या घरात फ्रीज चालतो, मग खेड्यातल्या घरात का नको? ही इच्छा वाईट नाही. वीज तर सारखीच असते. उन्हाची वीज नकली नसते. पण हे वापरू नका, ते वापरू नका, एवढेच जिथे ऐकावे लागते, तिथे ती वीज आपली वाटत नाही. आज का थांबायचे आणि पुढे आणखी वीज कशी मिळेल, ही दोन्ही उत्तरे लोकांना मिळाली पाहिजेत.

पाटाची पाळी आपल्याला ठाऊक आहे

मोजकी वस्तू वाटून घेण्याची विद्या आपल्याला नवी नाही. धुळे आणि नाशिक भागात फड पद्धत शेकडो वर्षे चालत आली. नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून पाट आणि पाटाखाली शेतीचे फड. यंदा पाणी किती आहे ते शेतकरी एकत्र बसून पाहत आणि कोणत्या फडात कोणते पीक घ्यायचे ते ठरवत. पाणी द्यायला गावाचा पाटकरी असे. पाणी कमी असेल त्या वर्षी कमी पाण्याचे पीक घेत.

विजेलाही हाच न्याय लावा. वीजघर म्हणजे बंधारा. तारा म्हणजे पाट. फरक एवढाच, की पाटाची पाळी दिवसांनी येते आणि विजेची पाळी तासांनी येते. पावसाळ्यात ऊन कमी असते, म्हणून पावसाळ्याचे नियम वेगळे करावे लागतात.

सभेत काय ठरवावे?

सौर वीजघर असलेल्या वाडीने सर्वांची सभा घ्यावी. बायकांना अवश्य बोलवावे. संध्याकाळी सातला चुलीपाशी कोण असते आणि दिवा गेला की अडते कोणाचे, हे त्यांना जास्त ठाऊक असते. सभेत पुढील गोष्टी ठरवाव्यात.

१. प्रत्येक घराला एका वेळी किती वॉट वापरता येतील, तो आकडा ठरवा. त्याहून जास्त ओढली तर फक्त त्याच घराची वीज बंद होईल, असे बटण प्रत्येक घरात बसवून घ्या. म्हणजे एकामुळे सर्वांना अंधार होणार नाही.

२. ज्यांना जास्त वीज हवी त्यांना ती दुपारी द्या. दुपारचा दर कमी ठेवा, संध्याकाळचा जास्त ठेवा. गिरणीवाल्याशी वेळ आधी बोलून घ्या.

३. काही दिवे कधीच बंद होता कामा नयेत. आरोग्य उपकेंद्र असेल तर तिथला दिवा आणि लसींचा फ्रीज, तसाच वाटेवरचा दिवा. रात्री बाळंतपण आले, कोणाला साप चावला, तर तेव्हा अंधार असून चालणार नाही. या जागांची तार वेगळी ठेवा.

४. ढगाळ दिवसांचा नियम आधीच करा. दोन दिवस ऊन पडले नाही, तर आधी टीव्ही बंद, मग पंखा. दिवा सर्वांत शेवटी. बॅटरी किती भरली आहे, ते रोज संध्याकाळी फळ्यावर लिहा.

५. बॅटरी कधीही अगदी रिकामी करू नका. आम्लाच्या जुन्या पद्धतीच्या बॅटरीतली अर्ध्याहून जास्त वीज रोज काढली, तर ती लवकर मरते. लिथियमची बॅटरी जास्त टिकते, पण तीही एक दिवस संपतेच. ऊन फुकट आहे, बॅटरी फुकट नाही. म्हणून दर महिन्याच्या विजेच्या पैशांतून काही रक्कम नव्या बॅटरीसाठी बाजूला टाका आणि बँकेत ठेवा.

६. पैशांचा आणि विजेचा हिशेब दर महिन्याला सर्वांपुढे वाचा. नियम पुढाऱ्याच्या घरालाही तोच आणि टोकाच्या झोपडीलाही तोच. मोठ्या घराला सूट मिळाली, की दुसऱ्या दिवसापासून नियम कोणीच पाळत नाही.

७. वर्षातून एकदा विचार करा. घरे वाढली का? गरजा वाढल्या का? वाढल्या असतील तर प्लेटा आणि बॅटऱ्या वाढवा. आजचा नियम म्हणजे जन्मभराची शिक्षा नव्हे.

शेवटी एवढेच

उन्हाला मालक नाही. पण साठवलेल्या उन्हाला मालक आहेत, आणि ते म्हणजे वाडीतली सर्व घरे. रात्री आठ वाजता कोणाची मुलगी पुस्तक उघडून बसलेली असते. कोणाची म्हातारी आई उंबरा चाचपत असते. कोणी दिवसभराच्या कामानंतर तुमच्यासारखाच अक्षरे जुळवत असतो. आपण इस्त्री दुपारी केली, गिरणी दुपारी लावली, तर या सर्वांचा दिवा चालू राहतो.

आज घरी गेल्यावर एक काम करा. आपल्या घरातल्या प्रत्येक वस्तूवर किती वॉट लिहिले आहेत, ते वाचा आणि वहीत लिहा. त्यांची बेरीज करा. शेजाऱ्यालाही तेच करायला सांगा. मग दोघे मिळून चाळीस घरांचा हिशेब मांडा. तो कागद घेऊन सभेला जा.